कच्च्या लिंबाला कोण विचारतं?

मागच्या ईदला मुंब्र्यात, कौशाला बहिणीकडे गेलो होतो. शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन बसलो, तर सतरा वर्षांचा भाचा कोपऱ्यात मोबाइल धरून फुगून बसलेला. काय झालं विचारलं. म्हणाला, “मामू, गेमवाल्यांनी नवीन अपडेटमध्ये आमच्या बंदुकीची ताकद कमी केली. सगळे प्लेयर बोंबलतायत, पण कंपनी ऐकतच नाही. खेळतो आम्ही, मग आमचं ऐकायला नको?”

प्रश्न बिनतोड होता. खेळणाऱ्याचं नाही ऐकायचं तर कोणाचं? मी मान डोलावली आणि शेजारी बसलेल्या तेरा वर्षांच्या भाचीला सहज विचारलं, “तू पण हाच खेळायचीस ना?”

“सोडला मामू. तीन-चार महिने झाले.”

“का गं?”

“रोज हरायचे. आणि माइकवर आवाज ऐकला, नाव कळलं, की मुलं घाण घाण बोलायची. आधी मुलगी म्हणून, मग मुसलमान म्हणून.”

“मग कंपनीला कळवलं नाहीस?”

“कळवून काय करायचं? डिलीट केला.”

भाच्याने मोबाइलवरून डोकं वर काढलं. एकाच घरात, एकाच वायफायवर बहीण खेळातून निघून गेली होती आणि त्याला पत्ता नव्हता. कंपनीला तरी कुठून असणार?

परतीच्या लोकलमध्ये दिवा, कोपर, डोंबिवली मागे पडत होतं आणि माझ्या डोक्यात दोघांची वाक्यं एकमेकांवर आपटत होती. एक म्हणतो, आमचं ऐकत नाहीत. दुसरी काही म्हणतच नाही. खेळ बनवणाऱ्याने खेळणाऱ्यांचं ऐकावं का, हा प्रश्न वरवर सोपा आहे. पण खेळणारे म्हणजे नेमके कोण, हे ठरवल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

दूधनाक्याचा कायदा

माझं लहानपण कल्याणच्या दूधनाक्यात गेलं. गल्लीत क्रिकेट, लगोरी, विटीदांडू, जे काही खेळायचो त्यात एक ‘कच्चा लिंबू’ असायचाच. वाचकांपैकी अनेक जण कधी ना कधी कच्चा लिंबू झालेले असतील. सगळ्यात लहान पोर. तो खेळात असतो, पण पहिल्या चेंडूवर त्रिफळा उडाला तरी आऊट नसतो. त्याला चेंडू हळू टाकायचा. फिल्डिंग मात्र त्याने पूर्ण करायची, गटारातला चेंडूही बहुतेक वेळा त्यानेच काढायचा.

हा नियम कोणी लिहिला? कोणीच नाही. तो खेळणाऱ्या पोरांनीच केला, आणि दयेपोटी केला असंही नाही. कच्चा लिंबू हा कोणाचा तरी धाकटा भाऊ असायचा. त्याला घेतलं नाही तर अम्मी मोठ्यालाही घरात बसवायची. कधी बॅट त्याच्याच मालकीची असायची. शिवाय दोन-तीन वर्षांनी तोच पक्का गडी होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो रडत घरी गेला तर आजचा डाव मोडतो आणि उद्याचा संघही मोडतो. गल्लीतल्या पोरांना हे न शिकवता कळत होतं.

म्हणजे खेळाडूंना अक्कल असते, हे मी आधीच मान्य करतो. इतिहासातही त्याचे पुरावे आहेत.

बगदादची शतरंज

भारतातलं चतुरंग इराणात गेलं, तिथून अरबांकडे गेलं आणि त्याचं शतरंज झालं. आपण मराठीत ‘शह’ देतो आणि ‘मात’ करतो, ते शब्द याच प्रवासातून परत आलेले आहेत. नवव्या-दहाव्या शतकात अब्बासी खलिफांच्या दरबारात अल-अदली, अर-राझी, अस-सूली असे नामांकित शतरंजपटू होते. हा खेळ जायज की नाजायज यावर फकीहांमध्ये मतभेद चालू होते, आणि इकडे अल-अदली, अस-सूली खेळावर किताबा लिहीत होते.

त्या शतरंजला एक दुखणं होतं. तिची सुरुवात फार संथ होती. प्यादं एकच घर सरकायचं. आज जिथे वजीर असतो तिथला ‘फर्झीन’ तिरका चालायचा, तोही एकच घर. आज जिथे उंट असतो तिथे ‘फील’ म्हणजे हत्ती होता. तो तिरकी दोन घरांची उडी मारायचा, बस्स. दोन्ही फौजा एकमेकींना भिडेपर्यंत बऱ्याच चाली निघून जायच्या.

खेळाडूंनी यावर स्वतःच तोड काढली. पहिल्या चालींचा घोळ बाजूला ठेवून आधीच ठरलेल्या मांडणीपासून डाव सुरू करायचा. अशा मांडणीला ‘ताबिया’ म्हणत, म्हणजे फौजेची रचना. बुद्धिबळपटू हा शब्द आजही वापरतात. नियम बदलला नाही, कोणाचं फर्मान निघालं नाही. खेळणाऱ्यांनी आपापसात ठरवलं आणि खेळ वाचवला.

पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात याच दुखण्यावर वेगळंच औषध निघालं. वजीर आठही दिशांना हवा तितका धावू लागला. उंट तिरका कितीही लांब जाऊ लागला. डाव एकदम वेगवान झाला आणि तेच रूप जगभर पसरलं. ताबिया मांडून समाधानी असलेल्या उस्तादांना हा इलाज सुचला नव्हता.

यातून मला एक गोष्ट दिसते. कुठे दुखतंय, हे खेळणाराच सांगू शकतो. औषध कोणतं, हे त्याला माहीत असेलच असं नाही. भाच्याला बंदूक कमजोर झाल्याचं दुःख आहे, ते खरं आहे. पण बंदूक पुन्हा पहिल्यासारखी करणं हाच त्यावरचा इलाज आहे का, ते गेम बनवणाऱ्याने ठरवायचं.

आणखी एक गोष्ट आहे. हिंदुस्थानात देशी नियमांचं बुद्धिबळ विसाव्या शतकापर्यंत चालू होतं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. पंजाबातला मीर सुलतान खान याच पद्धतीवर वाढला. सर उमर हयात खान त्याला विलायतेला घेऊन गेले. परक्या नियमांनी खेळूनही त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं जिंकली. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला हरवलं. त्याला मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो २०२४ मध्ये, मरणानंतर कित्येक वर्षांनी.

सुलतान खान नव्या नियमांत निभावून गेला, म्हणून त्याचं नाव उरलं. पण नियम बदलले तेव्हा ओट्यावर, पारावर, मशिदीसमोरच्या चहाच्या दुकानात देशी पद्धतीने खेळणारे जे उस्ताद गप्प बसून पट गुंडाळून गेले, त्यांची नोंद कोण ठेवणार? जो सोडून जातो तो इतिहासातही बोलत नाही.

हुतुतूचा ‘मेलेला’ गडी

आपल्या मातीतला दाखला घेऊ. कबड्डीला आपल्याकडे हुतुतू म्हणत आणि गावागणिक तिची रीत वेगळी होती. १९१८ च्या सुमारास साताऱ्यात तिला नियमांत बसवायचा प्रयत्न झाला. १९२३ मध्ये नियम छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांवर स्पर्धा झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली.

या काळात मुख्य प्रश्न होता तो बाद झालेल्या गड्याचं काय करायचं. तीन रीती होत्या. ‘गामिनी’मध्ये बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. ‘अमर’मध्ये बाद झाला तरी मैदानातच, फक्त समोरच्याला गुण. आणि ‘संजीवनी’मध्ये समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन परत.

गामिनीत सगळ्यात आधी कोण बाद होतो? सहसा कच्चा गडी. आणि सगळ्यात जास्त वेळ बाहेर कोण बसतो? तोच. अमर रीतीत कोणी बाहेर जात नाही, पण मग बाद होण्याची धास्तीही कमी होते. अखेर टिकली ती संजीवनी. तीत जो आधी बाद झाला तो आधी परत येतो. तगड्या गड्याला आधी बोलवा, असं म्हणता येत नाही. मला यात आमच्या गल्लीचाच कायदा दिसतो, फक्त तो पंचांच्या पुस्तकात गेला. कोल्हापूरचा, साताऱ्याचा, मुंबईच्या गिरणगावचा खेळाडू काय खेळतो हे पाहून नियम झाले, आणि त्यातली अशी रीत निवडली गेली जिच्यात पडलेल्याला परत यायची वाट आहे.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. तिच्यात चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’. जुने लोक हळहळले की हुतुतू हा दमाचा खेळ होता, तो घड्याळाचा झाला. त्यांचं म्हणणं खोटं नाही. इथे ऐकलं गेलं ते टीव्हीसमोर बसलेल्या प्रेक्षकाचं. पण त्यामुळे गावाकडच्या पोरांना चांगले पैसे मिळाले, नाव मिळालं. इराणचा फझल अत्राचली ‘यू मुंबा’चा कर्णधार झाला आणि आपल्या वस्त्यांमधली पोरं त्याचा फोटो मोबाइलवर ठेवू लागली. कोणाचं ऐकायचं, हा निर्णय कधीच फुकटात होत नाही. एकाचं ऐकलं की दुसऱ्याचं काही ना काही जातं.

आमची चूक

आता माझी स्वतःची गोष्ट. १९९७ च्या सुमारास आम्ही मोहल्ल्यातल्या पोरांनी टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा सुरू केली. सहा षटकांचे सामने, डिसेंबर-जानेवारीत. एक नियम आम्ही सुरुवातीपासून ठेवला होता. प्रत्येक संघात पंधरा वर्षांखालचा एक मुलगा पाहिजेच, आणि त्याने एक षटक टाकायचंच.

तिसऱ्या वर्षी स्पर्धेचं नाव झालं. भिवंडी, डोंबिवली, मुंब्र्याहून तगडे संघ आले. त्यांचं म्हणणं पडलं, हा नियम काढा. पोराच्या षटकात पंचवीस-तीस धावा जातात, मॅचची मजा जाते. आम्ही शहाणपणा केला. सगळ्या कर्णधारांना बोलावून बैठक घेतली, चहा पाजला, प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि हात वर करायला सांगितले. एक सोडून सगळे हात नियमाच्या विरोधात. नियम काढला. आम्हाला वाटलं, याहून लोकशाही काय असते?

त्या खोलीत पंधरा वर्षांखालचा एकही मुलगा नव्हता. आम्ही बोलावलाच नव्हता.

पुढच्या वर्षी क्रिकेट झकास झालं. षटकार जास्त, गर्दी जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी मोहल्ल्याचे संघ कमी झाले. मुलाचं षटक बघायला येणारे अब्बा, चाचा येईनासे झाले. मग आमच्यातले कोणी नोकरीला लागले, कोणी सौदीला गेले, आणि जागा भरायला मागून पोरंच नव्हती. आणखी दोन वर्षांत स्पर्धा बंद पडली. या सगळ्या काळात कोणीही तक्रार केली नाही. एकानेही नाही.

त्या मुलांपैकी एक आज स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मध्ये त्याला विचारलं, तेव्हा तुम्ही काही बोलला का नाहीत? तो हसून म्हणाला, “भाई, तुम्ही आम्हाला काढलंत. आम्ही कॅरम खेळायला गेलो. बोलायचं कोणाशी?”

मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली. टेनिस बॉलची स्पर्धा, दहा षटकांचे सामने, संघांचे मालक अमिताभ बच्चन, अक्षय कुमार असे. नाणेफेकीच्या जागी गल्लीतला ‘टिप-टॉप’ ठेवला होता. ते बघून जीव सुखावला. गल्लीने घडवलेला खेळ मोठ्यांनी गल्लीच्या खुणांसकट उचलला. ज्यांच्याकडे लेदर बॉलचं किट घ्यायला पैसे नव्हते, त्यांच्या खेळाला दिवे लागलेलं मैदान मिळालं. टाळ्या वाजवताना मनात एवढंच आलं की टिप-टॉप स्टेडियममध्ये पोहोचला. कच्चा लिंबू त्याच्यामागे अजून गल्लीतच उभा आहे.

मोबाइलच्या मैदानात

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. कंपनीने खेळाडूंचं ऐकायला हवं होतं आणि ऐकलं नाही, असं घडलेलं आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ब्लिझार्ड कंपनीचा २००४ चा गेम. वर्षानुवर्षांच्या बदलांनंतर लोक म्हणू लागले, आम्हाला तो जुनाच गेम परत द्या. २०१३ मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्याने भर सभेत सुनावलं की तुम्हाला तो हवा आहे असं वाटतं, पण खरं तर नको आहे. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने जुना गेम परत आणला आणि लोकांनी लॉग-इन करायला ऑनलाइन रांगा लावल्या. तिथे खेळाडू बरोबर होते.

याच्या उलट गोष्ट ‘कॉल ऑफ ड्यूटी’ची. त्यात साधारण सारख्या ताकदीचे खेळाडू एकमेकांसमोर आणले जातात. तरबेज खेळाडू आणि यूट्यूबवाले कित्येक वर्षं याविरुद्ध ओरडत होते. आम्हाला प्रत्येक सामना घाम गाळून खेळावा लागतो, म्हणे. २०२४ मध्ये कंपनीने न सांगता एक प्रयोग केला. काही खेळाडूंसाठी ताकदीची ही जुळणी सैल केली. त्याचे निष्कर्ष जुलै २०२४ मध्ये छापले. सगळ्यात वरचे थोडे खेळाडू जास्त खेळायला आले. बाकीचे, म्हणजे बहुसंख्य, सामने अर्धवट सोडू लागले आणि परत येणं कमी झालं. ओरडणारे दहातले एक होते, न बोलता निघून जाणारे दहातले नऊ. तरीही २०२५ च्या नव्या गेममध्ये कंपनीने ओरडणाऱ्यांच्या मागणीपुढे मान तुकवली आणि सैल जुळणी हीच नेहमीची केली. आकडे हातात असूनही आवाज जिंकतो, तो असा.

आणि ज्यांनी गेम कधी हातातही धरला नाही, त्यांचं काय? २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ नावाने परतला तेव्हा रक्त हिरवं झालं होतं आणि अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा लागली होती. खेळणाऱ्यांनी खिल्ली उडवली. पण पलीकडच्या खोलीत पोराची परीक्षा डोळ्यासमोर ठेवून बसलेली अम्मीसुद्धा त्या खेळाचा परिणाम भोगत असते. तिचंही ऐकलं गेलं पाहिजे.

हे सगळं परदेशी कंपन्यांचं झालं. पण गेम आता आपल्या राज्यातही बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला, त्याआधी बराच काळ खेळाडूंकडून चाचण्या करून घेऊन. ही चांगली रीत आहे. अशा सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: चाचणीला हौशीने येतो तो आधीच पक्का गडी असतो. त्याचं जरूर ऐका, दुखणं तो नेमकं सांगेल. पण ज्याने गेम उतरवला, दोन दिवस खेळला आणि तिसऱ्या दिवशी काढून टाकला, त्याला शोधून विचारा. तो कोणत्या पायरीवर थांबला ते बघा. नव्याला नव्यासमोर उभा करा. अनोळखी माणसांचा माइक आधीपासून बंद ठेवा, ज्याला हवा तो उघडेल. शिवी दिल्याची तक्रार आली तर तिचं काय झालं ते कळवा.

हे गेमपुरतं नाही, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मोहल्ला कमिटी असो, शाळेची पालकसभा असो की मशिदीची जमात, “आम्ही सगळ्यांना विचारलं” असं म्हणण्याआधी खोलीत कोण नव्हतं ते मोजावं. मी हे पंचवीस वर्षं उशिरा शिकलो.

परवा भाच्याचा फोन आला. म्हणाला, “मामू, कंपनीला लिहिलं. दोन गोष्टी लिहिल्या. एक बंदुकीची.”

“आणि दुसरी?”

“की माझ्या बहिणीने गेम का सोडला.”

कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. भाचीनेही गेम पुन्हा घेतलेला नाही. पण ती का गेली, हे आता निदान लिहून गेलंय.